घरात अल्बम रेकॉर्ड करताय? माईक नंतर घ्या, आधी फ्रिज बंद करा

माझ्याकडं एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. कुणीतरी घरी बसून गिटारवर आठ-दहा गाणी रेकॉर्ड केलेली असतात, पेनड्राईव्ह हातात ठेवतात आणि म्हणतात, जरा साफ करून दे की. लावून बघितलं की कळतंय खोली घुमतीय, मागं पंखा फिरतोय, तिसऱ्या गाण्यात कुकरची शिट्टी आहे, आणि माईक मात्र वीस हजाराचा. हे साफ होत नसतंय. चूक सामानात नसते, क्रमात असते. लोक आधी माईक घेतात, मग खोलीचं बघतात आणि गाणी बसवायचं काम रेकॉर्डिंग चालू असताना करतात. नेमकं उलटं करायचं असतंय.

हा लेख एकट्या माणसासाठी आहे. एक गिटार, एक गळा, कोल्हापुरातलं एक राहतं घर, आणि कानाजवळ बसून गातोय असं वाटणारा अल्बम. सतार किंवा पेटी असेल तरी नव्वद टक्के हेच लागू पडेल. ड्रम आणि बँडवाल्यांनी दुसरीकडं बघा.

टप्पा १: गाणी वहीत आणि पट्टी खाली

कुठलीही वायर लावायच्या आधी एक साधी वही घ्या. एका पानावर एक गाणं. त्यात लिहा: पट्टी, कॅपो कितव्या फ्रेटवर, ट्यूनिंग साधं का वेगळं, अंदाजे वेग, आणि गाणं किती मिनिटांचं. आठ ते दहा गाणी, मिळून तीस-पस्तीस मिनिटं, एवढं भरपूर झालं. एकाच गिटारवर आणि एकाच गळ्यावर तासभर ऐकवायचं म्हणजे ऐकणाऱ्याचा अंत बघणं आहे.

आता पट्टीचं, कारण इथं जवळजवळ सगळेच चुकतात. कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा मित्रांच्या मैफलीत जे गाणं तुम्ही काळी दोनमध्ये गाता ते तिथं जोर लावून गाता, समोर माणसं असतात, आवाज पोचवायचा असतो. घरी माईक तोंडासमोर असतो आणि गायचं असतं हळू. हळू गाताना वरचे सूर एकतर फाटतात नाहीतर नुसती हवा येते. मग माणूस परत जोर लावतो आणि ज्यासाठी घरी बसलो तो जवळचेपणाच जातो. म्हणून प्रत्येक गाणं दोन अर्धे स्वर (म्हणजे दोन फ्रेट) खाली आणून बघा, काळी दोनचं काळी एक करा. सगळ्यात वरचा सूर, शेजारच्या खोलीत झोपलेलं पोरगं उठणार नाही एवढ्या आवाजात लागला पाहिजे. लागला तर ती तुमची पट्टी.

मग सगळी गाणी फोनवर एका दमात रेकॉर्ड करा आणि दोन दिवस ऐका. कुठलं कडवं जास्तीचं आहे, कुठं शब्द अडखळतोय, कुठला इंट्रो उगाच लांबलाय ते इथं कळतंय आणि फुकटात कळतंय.

तपासा: वही न बघता सगळी गाणी सलग दोनदा म्हणता येतात का? नसतील येत तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका. शब्द वाचत गायलेलं ऐकू येतंय, खरंच येतंय, कारण मान खाली जाते आणि तोंड माईकपासून हलतं.

टप्पा २: आठवडाभर घर ऐका

आपल्या घरात किती आवाज आहे हे आपल्याला माहीत नसतं कारण कान सवयीनं तो गाळून टाकतो. माईक गाळत नाही. म्हणून ज्या खोलीत रेकॉर्ड करायचंय तिथं फोन ठेवून दोन-दोन मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करा. पहाटे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री. हेडफोन घालून मोठ्यानं ऐका आणि वहीत वेळ टाकून लिहा.

पेठेतलं घर असेल तर भिंतीला भिंत लागलेली असते, शेजारची मिक्सर तुमचीच वाटते. पहाटे दूधवाल्याच्या गाडीवरची किटली खडखडते, मग देवळाचा स्पीकर, मग घंटागाडी तिचं गाणं वाजवत येते (माझ्या एका बऱ्या टेकच्या, म्हणजे एका दमात रेकॉर्ड केलेल्या गाण्याच्या, शेवटच्या कॉर्डवर ती आहे, कॉर्ड विरत जातोय आणि मागं ओला कचरा सुका कचरा). गणपतीच्या आधी तालमीत ढोलाचा सराव. साखर कारखान्यांचा हंगाम चालू झाला की रस्त्याकडेच्या घरांना उसाचे ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टर नुसता जात नाही, टेप फुल लावून जातो.

आमच्या गल्लीत शांत वेळ निघाली रात्री अकरा ते दीड. त्यानंतर कुत्री. एका मित्राच्या कॉलनीत मात्र दुपारी दोन ते चार हीच वेळ, सगळं सामसूम. तुमची वेळ तुम्हीच काढायची, दुसऱ्याची चालत नाही.

महिन्याचंही बघा. उन्हाळ्यात पंख्याशिवाय बसवत नाही आणि पंखा चालू ठेवून रेकॉर्डिंग होत नाही. जून ते सप्टेंबर पाऊस, आणि वर पत्रा असेल तर विषयच संपला. दिवाळी झाली, थंडी पडली की पंखा लागत नाही, हवा कोरडी, गिटारही खूश. डिसेंबर-जानेवारी धरा. कौलारू घरात थंडीत रात्री लाकूड कडकड वाजतं तेवढं सोडलं तर याच्याइतका चांगला काळ नाही.

सांभाळा: पावसाचा आवाज छान वाटतोय म्हणून मुद्दाम पावसात रेकॉर्ड करू नका. पाऊस पाहिजेच असेल तर वेगळा रेकॉर्ड करा आणि नंतर खाली ठेवा. गाण्यासोबत आलेला पाऊस नंतर कमी करता येत नाही, आणि दोन टेक जोडायला गेलं की मधेच पाऊस उडी मारतो.

टप्पा ३: खोली मऊ करा, पण मारू नका

खोली निवडताना मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर टर्रर्र असा पत्र्यासारखा आवाज आला तर समोरासमोरच्या मोकळ्या भिंती एकमेकींना आवाज फेकतायत. स्टाईलची फरशी, गिलावा केलेल्या भिंती आणि रिकामी खोली म्हणजे बाथरूमच. कपाट, पलंग, पुस्तकं, कपड्यांचा ढीग असलेली झोपायची खोली बहुतेक वेळा हॉलपेक्षा चांगली निघते.

चौकोनी खोली टाळता आली तर टाळा. दहा बाय दहाच्या खोलीत साधारण ५६ हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट ११३ हर्ट्झच्या आसपासचे आवाज फुगतात. गिटारची पाचवी तार, म्हणजे ए, ११० हर्ट्झवर आहे. म्हणून दहा बाय दहात ती एकच तार ढुम्म करून येते आणि लोक गिटार बदलतात. गिटार बदलू नका, खुर्ची हलवा. खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका, कोपऱ्यातही नको, लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर बसून ए तार मोकळी वाजवत दोन-दोन वीत पुढंमागं सरका. एका जागी ती बाकीच्या तारांच्या बरोबरीला येते. तिथं फरशीवर चिकटपट्टीनं खूण.

आता मऊ सामान. फोमचे पातळ तुकडे ऑनलाईन मागवायची गरज नाही आणि अंड्याचे ट्रे तर अजिबात नको, त्यानं काही होत नाही, नुसती धूळ बसते. घरात वाकळ आहे का? जुनी जाड वाकळ, घोंगडं, कापसाची गादी, हे सगळं पातळ फोमपेक्षा जास्त काम करतंय कारण आवाज खायला जाडी आणि वजन लागतं. भिंतीला चिकटवून टांगू नका, भिंतीपासून चार-सहा इंच पुढं दोरीवर टांगा, मधली हवा पण काम करते. खाली सतरंजी किंवा जाजम.

कुठं टांगायची? इथं दुसरी मोठी चूक. लोक माईकच्या मागं वाकळ लावतात. साधा कार्डिऑइड माईक समोरचं ऐकतो, मागचं कमी. त्याच्या समोर तुम्ही आहात, आणि तुमच्या मागं उघडी भिंत. तर पहिली वाकळ तुमच्या पाठीमागं, दुसरी आणि तिसरी डाव्या-उजव्या बाजूला, माईकच्या मागं सगळ्यात शेवटी उरली तर.

सगळ्या भिंती झाकायच्या नाहीत. पूर्ण मुक्या खोलीत गायला गेलं की आपलाच आवाज परत येत नाही, माणूस घाबरून जोरात गातो. थोडी खोली राहू द्या, ते घर आहे हे ऐकू आलं तर बिघडत नाही.

तपासा: परत टाळी. टर्रर्र गेलं, आवाज लवकर पण मऊपणे संपला, की बास.

टप्पा ४: लाईटचं काम

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणून घरगुती रेकॉर्डिंगमधली गुणगुण जवळपास कायम ५० किंवा १०० हर्ट्झवर सापडते. ती कुठून येते ते शोधायचं, नंतर सॉफ्टवेअरनं कापत बसायचं नाही.

हा क्रम पाळा:

१. फ्रिज बंद. बंद केल्यावर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. हसू नका, रेकॉर्डिंग संपल्यावर बाहेर जायला किल्ली शोधाल आणि फ्रिज चालू करायची आठवण होईल. मी हे शिकायच्या आधी एकदा दोन लिटर दूध आणि फ्रीजरमधलं मटण घालवलंय, घरात चार दिवस गाण्याचा विषय काढता आला नाही.

२. पंखा रेग्युलेटरवर शून्य करून चालत नाही, बटण बंद करा. चोकवाली जुनी ट्यूबलाईट बंद. काही स्वस्त एलईडी बल्बही किणकिण करतात, कान लावून बघा. डिमर असेल तर तो पण बंद.

३. इन्व्हर्टर. लाईट गेली आणि घर इन्व्हर्टरवर आलं की बऱ्याच जुन्या, चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर सगळ्याच गोष्टी गुणगुणायला लागतात. माझी अर्धा दिवसाची तीन गाणी अशी गेली, हेडफोनमध्ये थोडं येत होतं पण मला वाटलं असेल काहीतरी. लाईट गेली की थांबा, चहा घ्या.

४. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवून बघा. गुणगुण गेली तर चार्जर किंवा अर्थिंगचा घोळ आहे. लॅपटॉपचा पंखा माईकच्या मागच्या बाजूला आणि जमेल तेवढा लांब, उशीवर ठेवू नका, तापून पंखा अजून जोरात फिरतो.

५. फोन फ्लाईट मोडवर, तुमचाही आणि खोलीत बसलेल्या प्रत्येकाचा. सायलेंटवर नाही, फ्लाईट मोडवर.

सांभाळा: गुणगुण जाते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडायची किंवा टू-पिन लावायचं, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जुन्या घरात अर्थिंग धड आहे का हे एकदा वायरमनकडून बघून घ्या. हातात तारांची गिटार आणि ओठाला लोखंडी माईक असतो, एवढं लक्षात ठेवा.

टप्पा ५: गिटार, खुर्ची आणि शर्ट

तारा रेकॉर्डिंगच्या दिवशी बदलू नका. एक-दोन दिवस आधी बदला, हातानं ओढून ताणा, तासभर वाजवा. अगदी कोऱ्या तारा सारख्या उतरतात आणि नुसत्या चकाकतात, हळू गाण्याला तो आवाज टोचतो. बोटांच्या सरकण्याचा आवाजही कोऱ्या तारांवर जास्त येतो.

पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन फुगतं, टॉप (वरची फळी) वर येतो आणि ॲक्शन, म्हणजे तारा आणि फ्रेटमधलं अंतर, वाढते. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रता मीटर टाकून ठेवा, ४५ ते ५५ टक्के आलं म्हणजे बरं. गिटार रेकॉर्डिंगच्या खोलीत आदल्या रात्रीपासून ठेवा म्हणजे ट्यूनिंग हलणार नाही. प्रत्येक टेकच्या आधी ट्यून करायचं, कॅपो लावल्यावर परत करायचं. कंटाळा येतो, करायचंच. मिरजेची सतार किंवा तंबोरा असेल तर जवारी (घोडीवरची, तारेला झंकार देणारी बैठक) बसलीय का बघून घ्या, तिथं सुट्टीचा दिवस मोकळा काढून जाऊन या, रेकॉर्डिंगच्या आठवड्यात हा खेळ नको.

खुर्ची लाकडी आणि न करकरणारी. प्लॅस्टिकची खुर्ची श्वास घेतला तरी बोलते. फिरती खुर्ची नको. हातातलं घड्याळ, कडं, बांगड्या काढा, गिटारच्या मागं घासणारी शर्टाची बटणं पण बघा. सुती टीशर्ट घाला. नायलॉनची ट्रॅकपँट एकदा रेकॉर्ड करून ऐका म्हणजे पटेल.

टप्पा ६: माईक आता

आता कुठं माईक. आणि इथं माझं मत जरा वेगळं आहे: हळू, जवळच्या गाण्यासाठी गिटार आणि गळा एकत्रच रेकॉर्ड करा. आधी गिटार, नंतर त्यावर गाणं, असं केलं की गिटार कुणाचीच वाट बघत नाही, श्वासाला थांबत नाही. एकत्र केलं की एक सूर नंतर सुधारता येत नाही हे खरं, पण टप्पा १ नीट केला असेल तर सुधारायची वेळ कमी येते.

एक माईक. मोठ्या डायफ्रामचा (मोठ्या पडद्याचा) कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा माईक, असेल तर तुमच्यापासून दीड ते दोन फुटांवर, उंची गळ्याच्या आणि गिटारच्या मधे, साधारण छातीच्या वर. आता बॅलन्स बटणानं होत नाही, जागेनं होतो. गळा जास्त आला तर माईक खाली, गिटार जास्त आली तर वर. एकच कडवं पाच उंचींवर रेकॉर्ड करा, प्रत्येक वेळी तोंडानं सांगा, एक, दोन, तीन. मग हेडफोन काढून, बाहेर जाऊन, पाणी पिऊन येऊन ऐका. जी आवडली ती जागा टेपनं मोजून वहीत: फरशीपासून किती, छातीपासून किती. स्टँडच्या पायांना आणि खुर्चीच्या पायांना चिकटपट्टीच्या खुणा. दुसऱ्या दिवशी खुर्ची अर्धा फूट सरकली की अल्बम दोन वेगळ्या घरांत रेकॉर्ड केल्यासारखा वाटतो.

दोन माईक. गाण्याचा माईक तोंडापासून ६ ते ८ इंच, ओठांच्या जरा वरून खाली बघणारा. गिटारचा माईक बाराव्या फ्रेटसमोर ८ ते १२ इंच, मान जिथं खोक्याला मिळते तिकडं रोखलेला. गिटारच्या भोकासमोर माईक लावायचा मोह सगळ्यांना होतो, तिथून नुसतं भॉंभॉं येतं. एक जुना हिशोब आहे, तोंड ते माईक जेवढं अंतर त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माईकमध्ये. म्हणजे ८ इंच असेल तर २४ इंच. बसलेल्या माणसाच्या तोंडात आणि गिटारीत एवढं अंतर जेमतेम निघतं, म्हणूनच नवशिक्याला मी एक माईकच सांगतो.

दोन लावलेच तर हे करा: दोन्ही ट्रॅक मोनोमध्ये, म्हणजे एकाच चॅनेलवर, एकत्र ऐका आणि एकाची पोलॅरिटी उलटी करून (लहर वर-खाली उलटवणारं बटण दाबून) बघा. ज्या बाजूला आवाज भरीव येतो, खर्ज येतो, ती ठेवा. पोकळ, नळीतून आल्यासारखं वाटलं तर माईक दोन इंच हलवून परत.

खोली काही केल्या शांत होत नसेल तर कंडेन्सरचा हट्ट सोडा. एसएम ५८ सारखा साधा डायनॅमिक, म्हणजे लांबचं कमी टिपणारा, माईक जवळ घेऊन गायला तर गल्ली पुष्कळ कमी येते. त्याला फँटम पॉवर, म्हणजे केबलमधून माईकला जाणारी वीज, लागत नाही. कंडेन्सरला ती ४८ व्होल्टची लागते: आधी गेन (माईकचा आवाज वाढवायचं बटण) शून्य, हेडफोन खाली, केबल जोडा, मग ४८ व्होल्टचं बटण. काढतानाही आधी बटण बंद.

पॉप फिल्टर (तोंडातली हवा अडवणारी जाळी) नसेल तर भरतकामाच्या रिंगवर जुना पातळ मोजा ताणून बसवा आणि माईकच्या चार बोटं पुढं धरा. 'प', 'फ', 'भ' आले की फरक कळेल. एकच माईक दोन फुटांवर असेल तर बहुतेक गरजच पडत नाही.

तपासा: नेहमीच्या जोरानं एक कडवं, मग दहा सेकंद पूर्ण गप्प. सॉफ्टवेअरच्या मीटरवर (डीबी म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप, शून्याच्या वर आवाज फाटतो) गाण्याचे सगळ्यात मोठे ठोके उणे १२ डीबीच्या आसपास असताना ही शांतता उणे ६० च्या खाली गेली पाहिजे. वर असेल तर टप्पा ४ ला परत जा.

टप्पा ७: सेटिंग, एकदाच

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. पहिल्या गाण्याला जे तेच शेवटच्याला. सगळ्यात जोरातला सूर उणे १२ ते उणे १० डीबीपर्यंत, लाल कधीच नाही. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड केलेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर म्हणून रीपर घ्या, साठ दिवस वापरून बघता येतं, नाहीतर ऑडॅसिटी आहेच. ऐकायला इंटरफेसचं (माईक लॅपटॉपला जोडायच्या डब्याचं) डायरेक्ट मॉनिटर, म्हणजे लॅपटॉपला न जाता थेट येणारा आवाज, वापरा नाहीतर आपलाच आवाज उशिरा ऐकून ताल जाईल. हेडफोन कान पूर्ण झाकणारे, आणि आवाज कमी. क्लिक (तालाची टिकटिक) लावली तर ती हेडफोनमधून गळून माईकमध्ये जाते, विरत्या कॉर्डच्या मागं टिक टिक टिक. मी क्लिक फक्त सुरुवातीच्या आठ मात्रांना देतो आणि बंद करतो.

जागेची काळजी नको, एका ट्रॅकला मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात, दोन ट्रॅकचे तीन तास म्हणजे तीन जीबीच्या थोडं वर. पण त्याच रात्री दुसऱ्या डिस्कवर कॉपी. फायलीचं नाव गाणं-तारीख-टेक नंबर. 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशी नावं दिली की पुढच्या महिन्यात रडायची वेळ येते.

टप्पा ८: टेक घ्यायचा दिवस

त्या दिवशी तिखट मिसळ, तांबडा रस्सा, काही नाही. रागावू नका, एकच दिवस आहे. दही आणि थंडगारही नको. हलकं जेवा पण दोन तास आधी, उपाशीपोटी बसलात तर पोट गुरगुरतं आणि माईक ते टिपतो, विनोद नाही, टिपतो. कोमट पाणी जवळ, पण स्टीलचा तांब्या फरशीवर ठेवायचा नाही, गादीवर ठेवा.

घरच्यांना आदल्या दिवशी सांगा. 'अकरा ते एक, बेल वाजवू नका, कुकर लावू नका.' दारावर कागद चिकटवा. शेजारच्या काकूंना पण जाऊन सांगून या, मान दिला की त्या उलट गल्लीतली पोरं गप्प करतात.

क्रम असा:

१. वीस मिनिटं गळा आणि बोटं मोकळी करा, पण मोठ्यानं नाही. गायचं आहे तेवढ्याच आवाजात.

२. खोलीची तीस सेकंद शांतता रेकॉर्ड करा, तुम्ही खुर्चीत बसलेले असताना. हा तुकडा नंतर जोड लपवायला लागतो.

३. एकाच ट्यूनिंगची गाणी एकत्र घ्या. अल्बममधला क्रम आत्ता विसरा. सगळ्यात सोपं गाणं आधी, सगळ्यात अवघड दुसऱ्या किंवा तिसऱ्या नंबरला, थकल्यावर नाही.

४. रेकॉर्ड दाबलं की पाच सेकंद हलू नका. शेवटचा कॉर्ड पूर्ण विरू द्या, मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, मग हाला. शेवटची तार विरायच्या आत माणसं 'झालं का' म्हणून स्वतःच बोलतात, अशी किती गाणी माझ्याकडं आलीत.

५. चूक झाली तर थांबून सुरुवातीला जाऊ नका. दोन श्वास, आणि चुकलेल्या ओळीच्या आधीच्या ओळीपासून परत. रेकॉर्डिंग चालूच. जोडायला ती आधीची ओळ लागते.

६. एका गाण्याचे तीन पूर्ण टेक. दर टेकनंतर ऐकत बसू नका, गाणाऱ्याचा एकदा परीक्षक झाला की तो परत गाणारा होत नाही. वहीत एका शब्दात लिहा: गळा बरा, गिटार घसरली, शेवट छान.

७. चौथ्या टेकला पण जमलं नाही तर ते गाणं सोडा, पुढचं घ्या. उद्या होतंय.

एका बैठकीत तीन गाणी, फार तर चार. लोक एका रात्रीत दहा करायला जातात आणि आठव्या गाण्यात आवाज बसलेला स्पष्ट ऐकू येतो.

सांभाळा: दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तीच खूण, तोच गेन. गेनच्या बटणाचा फोटो काढून ठेवा.

टप्पा ९: निवडणं आणि मिक्स

दोन दिवस काहीही ऐकू नका. मग तिन्ही टेक सलग ऐका आणि पूर्ण एक टेक निवडा, सगळ्यात अचूक नको, ज्यात शब्द कळतात आणि माणूस दिसतो तो. चुकीच्या दोन-तीन जागा दुसऱ्या टेकमधून घ्या. जोड श्वासाच्या आधी किंवा कॉर्ड मारल्याच्या क्षणाच्या अगदी आधी द्या, आणि छोटा क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा कमी होताना दुसरा वाढवणं. विरत्या सुराच्या मधे जोड लपत नाही.

श्वास कापू नका. सगळे श्वास काढले की माणूस मेल्यासारखा गातो. फार मोठा असेल तर पाच-सहा डीबी कमी करा. नॉईज काढायच्या प्लगिनला शक्यतो हात लावू नका, थोडी शांततेची हिस्स चालते, पाण्याखालून आल्यासारखा आवाज चालत नाही.

बाकी काम थोडंच. गळ्याचा ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापा. गिटारचा मात्र ८० च्या वर जाऊन कापू नका, सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर आहे. एका माईकचं रेकॉर्डिंग असेल तर ७० वर थांबा. कॉम्प्रेशन (मोठे आवाज दाबणं) २:१ किंवा ३:१, सुई तीन-चार डीबी हलली की बास. रिव्हर्ब (खोलीचं घुमणं) एकच, छोट्या खोलीचा, आणि बंद केल्यावरच कळेल की तो चालू होता, एवढाच. मोठ्या हॉलचा रिव्हर्ब लावला तर एवढ्या वाकळा टांगल्या कशाला.

तपासा: फोनच्या स्पीकरवर, रिक्षातल्या किंवा गाडीतल्या टेपवर, आणि अंधारात हेडफोनवर. फोनवर शब्द कळले पाहिजेत, गाडीत ए तार ढुम्म करायला नको.

टप्पा १०: मास्टर आणि बाहेर

हळू अल्बम ओढून ताणून मोठा करायचा नाही. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) पातळीला आणतं, म्हणजे तुम्ही उणे ८ ला दाबून पाठवलं तर ते खालीच आणणार आणि दाबलेलं दाबलेलंच राहणार. उणे १६ च्या आसपास ठेवलं तरी काही बिघडत नाही. ट्रू पीक, म्हणजे सगळ्यात उंच टोक, उणे १ डीबी. सगळी गाणी एकाच आकड्याला आणू नका, एकामागून एक ऐकून कानानं ठरवा, नुसत्या गिटारचा तुकडा आवाजाच्या गाण्याइतका मोठा झाला तर विचित्र वाटतो.

गाण्यांचा क्रम आत्ता लावा. एकाच पट्टीची तीन गाणी ओळीनं नकोत. मधली शांतता पण मोजून ठेवा, दोन सेकंद, कुठं चार.

डिस्ट्रिब्युटरला (गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्याला) वेव्ह फायली, ३००० बाय ३००० चं चौकोनी कव्हर, आणि तारीख किमान तीन-चार आठवडे पुढची द्या. आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) बहुतेक डिस्ट्रिब्युटर स्वतःच देतात. गाणं किंवा कविता दुसऱ्याची असेल तर परवानगी आधी, रेकॉर्डिंगच्या पण आधी, मी हे शेवटी लिहिलंय पण खरं म्हणजे वहीच्या पहिल्या पानावरचं काम आहे.

कच्च्या फायली, प्रोजेक्ट आणि ती तीस सेकंदांची शांतता दोन डिस्कवर ठेवा, एक डिस्क दुसऱ्याच्या घरी. अल्बम आला की कुणीतरी हमखास म्हणतं, नुसत्या गिटारचा ट्रॅक मिळेल का. आणि वाकळा काढून उन्हात टाका, महिनाभर टांगून त्यांना वास लागलेला असतो.